एल्डन हॉव्हलँडचं एक मत

स्कोगेनमध्ये बशीतली शेवटची वडी कोणी उचलत नाही. रविवारी प्रार्थना झाली की चर्चच्या तळघरात कॉफी असते, बायका घरून लिंबाच्या आणि खजुराच्या वड्या करून आणतात, आणि ताटात एकच उरली की माणसं तिच्याकडे न बघता तिच्याभोवती घुटमळू लागतात. मग कोणीतरी सुरी घेऊन अर्धी कापतं आणि अर्धी ठेवतं. पुढचा त्या अर्धीची अर्धी करतो. होता होता नखाएवढा तुकडा उरतो आणि बशा विसळणारी बाई तो पाण्याबरोबर सोडून देते. वाया गेला असं कोणी म्हणत नाही. शेवटची वडी अमक्यानं खाल्ली असं कोणाबद्दल बोलता येत नाही, एवढं पुरे असतं.

एल्डन हॉव्हलँड या गावात जन्मला, गावच्या सहकारी चीज कारखान्यात दह्याच्या लाद्या उलटवत म्हातारा झाला आणि निवृत्त झाल्यावरही हात आंबूस वासाचेच राहिले. उंच, जरासा वाकलेला, कान मोठे. बोलायच्या आधी घसा साफ करायचा आणि पुष्कळदा तेवढ्यावरच थांबायचा. गाव त्याला शहाणा समजे, ते बहुधा यामुळेच.

त्याची बायको अर्डिस मात्र बोलकी होती. तरुणपणी ती शाळा समितीच्या निवडणुकीला उभी राहिली, निवडून आली, आणि रात्री जेवताना तिनं सहज सांगितलं की आपलं मत तिनं समोरच्या उमेदवाराला दिलं होतं.

"का?" एल्डननं विचारलं.

"अरे, मतपत्रिकेवर स्वतःच स्वतःच्या नावापुढचा गोल भरायचा म्हणजे काय? शेवटची वडी उचलून तोंडात टाकल्यासारखं आहे ते. आणि वर सगळ्यांसमोर चावायची."

एल्डनला ते इतकं पटलं की पुन्हा त्यावर विचार करायची त्याला गरजच पडली नाही.

पुढे तो गावचा कारभार बघणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष झाला. त्या पदासाठी दुसरं कोणी उभं राहत नसे, कारण काम होतं बर्फ काढायच्या गाडीचं आणि भांडणं होती कुंपणांची. मतपत्रिकेवर एल्डनचं एकट्याचं नाव असे आणि त्याखाली एक कोरी ओळ, ज्याला आणखी कोणाचं नाव सुचवायचं असेल त्याच्यासाठी. एल्डन दर वेळी त्या ओळीवर मर्ल क्रूगरचं नाव लिहायचा.

मर्लची पशुखाद्याची गिरणी होती. गावात सगळ्यांशी वाद घालणारा हा एकच माणूस. हवामानाशी, सरकारशी, पाद्रीबाबांशी, खुद्द गिऱ्हाइकाशीही. हॉव्हलँड आणि क्रूगर शाळेपासूनचे सोबती. मर्ल बोलायचा आणि एल्डन ऐकायचा, आणि दोघांनाही वाटे की आपलं चांगलं जमतं. मर्लसारख्या माणसाला कधीतरी कोणीतरी मत द्यायला हवं, असं एल्डनला प्रामाणिकपणे वाटे.

निकाल मंडळाच्या दारावर चिकटवला जाई. वर हॉव्हलँड, बहुतेक सगळं गाव. खाली क्रूगर, एक.

दुसऱ्या दिवशी लोरेनच्या कॅफेत मर्ल आला की सुरुवात व्हायची.

"मर्ल, थोडक्यात हुकलं रे."

"बायकोनंसुद्धा दिलं नाही वाटतं. सांभाळून राहा."

"मी स्वतःला मत दिलेलं नाही," मर्ल म्हणायचा.

"नाही नाही, कोण म्हणतं? शेजारच्या गावातून कोणी आला असेल चोरून."

मर्लचा चेहरा तांबडा व्हायचा. तो जितका नाही म्हणे तितकी मजा वाढे. गावाच्या लेखी स्वतःला मत देणं हे लबाडीपेक्षा वाईट होतं, कारण लबाडी निदान झाकून तरी करतात. एल्डन तिथेच बसलेला असायचा. कॉफीत तो साखर घालत नसे, पण त्या दिवशी चमचा ढवळत राहायचा. सांगितलं तर आपण उगाच नम्रतेचा तोरा मिरवतो असं दिसेल, म्हणून त्यानं सांगितलं नाही. ही चेष्टा वीस-बावीस वर्षं चालली.

मग अर्डिस चुलीवर भांडं ठेवून विसरू लागली. त्यानंतर घरची वाट विसरली, आणि पुढे एल्डन कोण हेही अधूनमधून. टेकडीवर काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, वृद्धाश्रमासारखं जुनं इस्पितळ होतं, गावातले सगळे तिथेच संपायचे. त्याच्या मागच्या बाजूला विसरभोळ्यांचा कक्ष होता, तिथे तिला ठेवलं. एल्डन सकाळी जाऊन तिला लापशी भरवायचा आणि संध्याकाळी सूप. परिचारिका गावातल्याच पोरी, त्यांना अर्डिसनंच शाळेत गाणी शिकवलेली. तिला नवरा आठवेना, पण त्या गाण्यांच्या चाली आठवायच्या, आणि त्या पोरी तिला न्हाऊ घालताना ती गाणी म्हणायच्या. ही सोय जगात दुसरीकडे कुठे नव्हती.

या भागाचा आमदार होता कर्टिस लेमके. विम्याचा धंदा, दात चांगले, माणसांची नावं पाठ. त्याचा मतदारसंघ नकाशावर बघितला तर कोणीतरी ओला हातमोजा भिंतीवर फेकून मारल्यासारखा दिसे. राजधानीत बसून रेषा आखणाऱ्यांनी एक बोट दलदलीतून नेलं होतं, जिथे फक्त बगळे राहतात, आणि त्या बोटाच्या टोकाला तळ्याकाठी लेमकेचं घर होतं. मतदारसंघ असा आखला होता की एकाच पक्षाचा माणूस निवडून यावा. म्हणून नोव्हेंबरातल्या निवडणुकीला अर्थ नव्हता. खरी निवडणूक ऑगस्टमध्ये, पक्षाचा उमेदवार लोकांच्या मतांनी ठरवायची, पक्षातल्या पक्षात, आणि ऑगस्टमध्ये लोक गवत कापण्यात गुंतलेले असल्यामुळे तीही व्हायची नाही, नुसती पार पडायची.

लेमकेनं विधिमंडळात ठराव मांडला की काउंट्यांच्या इस्पितळांना राज्यानं पैसे देणं बंद करावं आणि ती खासगी कंपन्यांना विकू द्यावीत. आपल्या टेकडीवरच्या इमारतीला गिऱ्हाईक तयारच होतं. फक्त मागचा कक्ष त्यांना नको होता. विसरलेल्या माणसांना माणसं फार लागतात, असं त्यांचं म्हणणं.

"म्हणजे अर्डिसला कुठे नेणार?" एल्डननं विचारलं.

"राजधानीजवळ," अर्डिसची बहीण डोरीन म्हणाली. "गाडीनं जाऊन येण्यात दिवस जाईल. तिथे तिला कोण ओळखतंय? ती तर आधीच कोणाला ओळखत नाही. दोन्हीकडून अंधार."

एल्डननं घसा साफ केला.

"घसा नको साफ करूस," डोरीन म्हणाली. "कर्टिसविरुद्ध उभा राहा."

डोरीननं सह्या गोळा केल्या, पाट्या रंगवल्या, गाडी चालवली. एल्डन मागच्या सीटवर गुडघे दुमडून बसायचा आणि ती सांगेल त्या दारावर टकटक करायचा. दार उघडलं की तो आधी गवताची चौकशी करायचा. प्रचाराचं बोलणं निघायच्या आत बऱ्याचदा कॉफी संपलेली असायची.

जुलैतल्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत लेमके ट्रॅक्टरवर उभा राहून दोन्ही हातांनी पोरांवर खाऊच्या गोळ्या उधळत गेला. त्याच्या मागे एल्डन चालत होता. खायची वस्तू फेकायची नसते अशी त्याची समजूत, म्हणून तो प्रत्येक पोराजवळ थांबून एकेक गोळी हातात देत होता आणि तुझी आई कशी आहे म्हणून विचारत होता. त्यामुळे मागचं बँड पथक, अग्निशमनाची गाडी आणि चार घोडे तिष्ठत उभे राहिले.

"एल्डन, चल पुढे," डोरीन दातांतून म्हणाली. "घोड्यांनी रस्ता भरवला."

"आणखी थोडीच पोरं आहेत."

काउंटीच्या जत्रेत तो अर्डिसला चाकांच्या खुर्चीतून घेऊन गेला. तिला गायी बघायला आवडायचं. गोठ्याच्या चढावर खुर्ची अडकली, तेव्हा गर्दीतून कर्टिस लेमकेच पुढे झाला आणि त्यानं ती वर ढकलली. अर्डिसनं त्याचा हात धरून ठेवला. लेमकेनं तो बराच वेळ सोडवून घेतला नाही. कोणीतरी फोटो काढला.

पुढच्या आठवड्यात जाहीर सभेत एल्डनला बोलायला दिलं. तो म्हणाला, "कर्टिस माणूस चांगला आहे. पण माझी बायको टेकडीवर आहे आणि ती तिथेच राहावी असं मला वाटतं. तुमच्यापैकी पुष्कळांचंही कोणी ना कोणी तिथे आहे. आणि आज ना उद्या आपणही." मग तो खाली बसला. टाळ्या उशिरा पडल्या, पण बराच वेळ पडल्या.

"भाषण बरं झालं," डोरीन गाडीत म्हणाली. "पहिलं वाक्य तेवढं कर्टिसच्या पाटीवर लिहिता येईल."

लोक हलले होते खरे. लोरेनच्या कॅफेत, गिरणीत, चर्चच्या पायऱ्यांवर लोक दबक्या आवाजात म्हणत की या वेळी म्हातारा जमवतो की काय. मर्ल क्रूगर तर उघड म्हणाला, "मी आजवर कोणालाही मत दिलेलं नाही. सगळे चोर. एल्डनसुद्धा उद्या चोर होईल. पण आज नाही."

"म्हणजे देणार का?" लोरेननं विचारलं.

"ते माझं मी बघेन."

मतदानाच्या दिवशी उकाडा होता. मंडळाच्या खोलीत पंखा फिरत होता आणि मतपत्रिका उडू नयेत म्हणून त्यांवर चीजचा जुना लाकडी साचा ठेवला होता. एल्डन आडोशाच्या मेजापाशी उभा राहिला. वर त्याचं नाव, खाली लेमकेचं, दोन्हींपुढे रिकामे गोल. खिशातलं आपलं पेन त्यानं काढलं, कारण सरकारी पेन दोरीला बांधलेलं असतं आणि दोरी तोकडी पडते.

त्याचं पेन आधी वरच्या गोलापाशी गेलं. त्याला टेकडी आठवली, लापशीचा वाडगा आठवला. आणि मग जेवणाच्या मेजावरची, चाळीस वर्षांपूर्वीची अर्डिस, 'वर सगळ्यांसमोर चावायची' म्हणणारी. तिच्यासाठी उभं राहायचं आणि तिनं शिकवलेलं सोडायचं, हे त्याला जमेना. इतकी माणसं मत देतायत, त्यात आपल्या एकाचं काय. शिवाय जत्रेत खुर्ची कर्टिसनंच ढकलली होती.

त्यानं खालचा गोल भरला. नीट, कडेपर्यंत, चीजच्या साच्यात दही दाबावं तसा.

बाहेर डोरीन उभी होती. "स्वतःला दिलंस ना?"

"दिलं मत," एल्डन म्हणाला.

रात्री निकाल आला. कर्टिस लेमके एका मतानं जिंकला होता.

इतक्या थोड्या फरकावर फेरमोजणी फुकट करून मिळते, म्हणून ती झाली. काउंटीच्या कचेरीच्या तळघरात दोन कारकून समोरासमोर बसून एकेक मतपत्रिका उचलून धरत, आणि दोन्ही बाजूंची माणसं मान डोलावत. एल्डन भिंतीला टेकून लाकडी खुर्चीवर बसला होता. तिसऱ्या प्रहरी स्कोगेनचा गठ्ठा निघाला. त्यात एक मतपत्रिका होती, जिच्यावर गोल इतका दाबून भरला होता की पेनचा कोरडा व्रण पाठीमागून दिसत होता. सगळ्यांच्या खुणा काळ्या, ही एक निळी. एल्डननं आपल्या खिशातल्या पेनाला हात लावला.

"लेमके," कारकून म्हणाला. "काही हरकत?"

डोरीननं नाही म्हणून मान हलवली. लेमकेच्या वकिलानंही तशीच हलवली. मग कारकुनानं सभ्यपणे एल्डनकडे पाहिलं.

"नाही," एल्डन म्हणाला.

फरक एकाचाच राहिला.

आता ठपका ठेवायला गावाला कोणीतरी हवं होतं, आणि ते शोधायला लांब जावं लागलं नाही. आयुष्यभर कोणालाही मत न दिल्याची फुशारकी मारणारा, दर निवडणुकीत स्वतःला मत देणारा माणूस गावात एकच होता. लोरेननं मर्लच्या कपात कॉफी ओतणं थांबवलं नाही, तेवढं उघड वागायची इथली रीत नाही. ती फक्त त्याच्याकडे सगळ्यांत शेवटी यायची, तोवर भांड्यात गाळ उरलेला असायचा. गिरणीतली गिऱ्हाइकं शेजारच्या गावी जाऊ लागली. विचारलं तर म्हणायची, तिकडे रस्ता बरा आहे.

सप्टेंबरात मर्ल एल्डनच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. टोपी काढली नाही.

"मी तुला मत दिलं," तो म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी दिलं. आणि कोणी खरं मानायला तयार नाही. माझी बायकोसुद्धा म्हणते, जाऊ दे मर्ल, झालं ते झालं. तुला तरी पटतं का?"

"पटतं."

"उगाच बरं वाटावं म्हणून म्हणू नकोस."

"मला ठाऊक आहे," एल्डन म्हणाला, आणि या वेळी घसा साफ न करता पुढे म्हणाला, "कमी पडलं ते मत माझं होतं, मर्ल. मी कर्टिसला दिलं."

मर्लनं मेजावरची मिठाची डबी बाजूला सारली.

"का?"

"स्वतःला कसं द्यायचं?"

त्यावर हसावं की काय करावं हे मर्लला कळलं नसावं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू दुसरंच काहीतरी उमटू लागलं. गिरणी चालवणाऱ्या माणसाला हिशेब जरा उशिरा लागतो, पण लागतो.

"एल्डन. मंडळाच्या निवडणुकीत कोणाला द्यायचास तू?"

एल्डननं मिठाची डबी परत जागेवर ठेवली.

"ते एक मत."

"हो."

"वीस वर्षं लोक मला म्हणतायत की हा स्वतःला मत देतो."

"हो."

"आणि तू शेजारी बसून कॉफी ढवळायचास."

"मला वाटलं, तुला ती चेष्टा आवडते."

"मला?" मर्ल उभा राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आयुष्यभर लहानसहान गोष्टीवर ओरडणारा तो माणूस अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "तू चांगला माणूस आहेस, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढं एकच होतं." दारात थांबून म्हणाला, "आता तूच सांग त्यांना. मी सांगितलं तर म्हणतील, मर्लनं आता हे काढलं."

रविवारी चर्चच्या तळघरात, हातात कप धरून, एल्डननं सांगितलं. दोन्ही गोष्टी सांगितल्या. कपबशांचा आवाज थांबला. मग पाद्रीबाबा म्हणाले की अशी विनम्रता आजकाल दिसत नाही. एक बाई डोळे पुसत म्हणाली, हा एल्डनच. दुसरी म्हणाली, मी असते तर मीही हेच केलं असतं. कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कोणी त्याच्या बशीत वडी ठेवली. मर्ल जिन्याच्या पायरीवर उभा होता. त्याच्या बाजूनं जो तो कोट शोधत वर गेला. माफी मागायची तर आपण काही म्हणालो होतो हे कबूल करावं लागलं असतं, आणि या वेळी तोंडावर तर कोणी काहीच म्हणालं नव्हतं.

डोरीन शेवटपर्यंत खुर्चीत बसून होती.

"विनम्र तू झालास," ती म्हणाली. "भोगणार अर्डिस."

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतं बोलली.

ऑक्टोबरात कर्टिस लेमकेचा फोन आला. अतिशय अदबीनं. "एल्डन, मी ऐकलं. खरं सांगतो, मला भरून आलं. हे लोकांपर्यंत जावं असं वाटतं. पत्रकात घातलं तर तुमची हरकत नाही ना?"

"खरंच आहे ते," एल्डन म्हणाला. नाही म्हणायला दुसरं काही कारण त्याला सुचलं नाही.

पत्रक त्याच्या स्वतःच्या टपालपेटीतही आलं. जत्रेतला फोटो होता, लेमके खुर्ची ढकलतोय, अर्डिसनं त्याचा हात धरलाय. खाली मोठ्या अक्षरात होतं: माझ्या प्रतिस्पर्ध्याचाही माझ्यावरच विश्वास. नोव्हेंबरात दुसऱ्या पक्षानं उमेदवार दिलाच नव्हता. लेमके निवडून आला, ठराव मंजूर झाला, आणि वसंतात टेकडीवरच्या इमारतीला नवा रंग देऊन मागचा कक्ष बंद झाला. शेवटच्या दिवशी परिचारिकांनी गाणी म्हटली. अर्डिसनं शब्द न चुकता म्हटली आणि मग विचारलं की आपण कुठे चाललोय.

नवी जागा स्वच्छ होती. एल्डन पहाटे निघायचा आणि दुपारी पोचायचा, तोवर लापशीची वेळ टळलेली असायची. तिथल्या मुली चांगल्या होत्या, पण रोज वेगळ्या होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "या काय करायच्या आधी?"

"गाणी शिकवायच्या."

"अच्छा," ती म्हणाली, आणि पुढच्या खोलीत गेली.

एका गुरुवारी एल्डननं लिंबाच्या वड्या नेल्या. घरी स्वतःच केल्या होत्या, अर्डिसच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठीवरून; कडा जरा करपल्या होत्या. खिडकीशी मेजावर डबा ठेवून दोघं खात बसली. त्याच मेजावरच्या आणखी दोघा-तिघांनी हात घातला. होता होता डब्यात एकच राहिली.

एल्डननं सवयीनं खिशातला चाकू काढला, आणि इथे चाकू चालत नाही हे आठवून परत ठेवला. बोटांनी तो वडी अर्धी मोडायला गेला. तेवढ्यात अर्डिसनं हात पुढे केला, ती अख्खी उचलली आणि तोंडात टाकली. सगळ्यांसमोर, सावकाश, साखर ओठांना लागलेली. मजेत चावली.

मग तिनं डब्यात डोकावलं आणि या अनोळखी, मोठ्या कानांच्या माणसाला विचारलं, "अजून आहे का?"

"नाही," एल्डन म्हणाला. "ती शेवटची होती."

"मग आधी उचलायचीस ना," अर्डिस म्हणाली.